मारलं, पण गुन्हा नाही

अक्काने पोटच्या पोराच्या हातावर तापलेली इस्त्री हाणली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. का हाणली, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे, सुनेने कान भरले. कुणी म्हणे, लाँड्रीवरून मायलेकांत जुंपली. समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून छातीठोकपणे सांगायचा, "बाईचं डोकं फिरलंय. जन्मभर बॉयलरची वाफ खाल्ल्यावर दुसरं काय होणार?" वस्तरा गळ्याशी असताना कोण कशाला वाद घालतंय!

खरं काय ते तिघांनाच माहीत होतं. अक्काला, तिच्या मुलाला आणि सुनेला. आणि त्यातला मुलगा इस्पितळाच्या खाटेवरूनच पोलिसांना भलतं सांगून मोकळा झाला होता.

झालं होतं ते असं. लाँड्री घराच्या मागच्या अंगाला होती. लांबट खोली, एका भिंतीला धुण्याची मोठी यंत्रं, दुसरीला सुकवणारे ड्रायर, मध्ये इस्त्रीचं लांब टेबल. नवरा गेल्यावर अक्काने ती एकटीने चालवली. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, लग्नाकार्याचे सूट. मुलगा गाडी घेऊन कपडे आणायचा-पोचवायचा. सून इस्त्री करायची, उसवलेलं शिवायची. तिचा हात इतका साफ होता की इस्पितळाच्या शिवणखात्याने तिला नोकरीला बोलावलं. त्या दुपारी तिने ते नवऱ्याला सांगितलं. आनंदानेच सांगितलं बिचारीने.

मुलगा तापट होता. सुनेवर त्याचा हात आधीही उठायचा, आणि अक्का मध्ये पडली की दार आपटून निघून जायचा. त्या दिवशी तो गेला नाही. त्याने बायकोला दोन ड्रायरच्या मधल्या भिंतीला दाबलं आणि गळा धरला. ड्रायर घरघरत होते. अक्का टेबलापाशी हॉटेलच्या चादरीवर इस्त्री फिरवत होती. वळून बघते तर सुनेच्या चपला जमिनीवर नुसत्या घासत होत्या, आणि चेहरा काळानिळा पडला होता.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं. इस्त्री बसली, हाड मोडलं, मुलगा किंचाळून खाली बसला. सून भिंतीवरून घसरत जमिनीवर आली आणि खोकू लागली. अक्काने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग मुलाच्या भाजल्या हातावर गार पाणी धरलं, आणि मग रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिकेमागोमाग पोलीस आले.

"मी बायकोशी बोलून निघालो होतो," मुलाने जबाब दिला. "पाठ वळवली, तेवढ्यात आईने मागून मारलं. तिला माझा राग आहे."

अक्का जामिनावर सुटली. सून भीतीने पोलिसांपुढे काही बोलली नाही, आणि तिचे भाऊ तिला माहेरी घेऊन गेले. लाँड्रीत राहिले घरघरणारे ड्रायर आणि अक्का.

*

सरकारने नेमून दिलेली वकीलबाई झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायची. दिवसभर कोर्टात उभी राहून तिचे पाय सुजायचे, म्हणून टेबलाखाली चपला काढून ती अनवाणी बसे. अक्काबरोबर तिचा धाकटा भाऊ आला होता. तो शाळेत कारकून होता आणि अब्रूला फार जपायचा.

"आरोपी म्हणून उभं राहिलं की वाटा बऱ्याच असतात, अक्का," वकीलबाई म्हणाली. "पण आपण एकच धरायची. दोन दगडांवर पाय ठेवलात तर मी काय, कुणीच तुम्हाला वाचवू शकणार नाही. आता, मी तिथे नव्हतेच, असं काही जण म्हणतात..."

"मग इस्त्री काय पंख फुटून उडाली?"

"म्हणून ते सोडा. अपघात झाला, इस्त्री हातातून निसटली, असं म्हणता येतं."

भाऊ खुर्चीच्या टोकाला सरकला. "हेच! अक्के, हेच म्हण. ओल्या हातातून निसटली. कुणाचं काही बिघडत नाही. पोरगाही मान डोलावेल, मी त्याच्याशी बोलतो."

"निसटली नाही," अक्का म्हणाली.

"अगं, पण..."

"इतकी वर्षं इस्त्री धरत्येय मी. कधी निसटली नाही, आणि त्या दिवशी तर नाहीच नाही."

वकीलबाईने हसू दाबलं. "त्या क्षणी भान हरपलं होतं, आपण काय करतोय ते कळत नव्हतं, असाही बचाव असतो. पण त्याला डॉक्टर लागतात, तपासण्या लागतात."

"न्हावी देईल की दाखला! गल्लीभर फुकट वाटतोच आहे."

"राग अनावर झाला, त्याने तशी वेळ आणली, असं म्हटलं तर शिक्षा कमी होते. गुन्हा मात्र राहतो. आणि काहीच बोलायचं नाही, हाही तुमचा हक्क आहे. आरोप सिद्ध करायचं काम सरकारचं. तुम्ही तोंड उघडायलाच हवं असं नाही."

खालून झेरॉक्सच्या यंत्राची खरखर येत होती.

"आणि मी म्हटलं, हो, मारलं, आणि मारायलाच हवं होतं, तर?"

वकीलबाईने पेन खाली ठेवलं. "तोही बचावच आहे. स्वतःचा जीव वाचवायचा जसा हक्क असतो, तसा दुसऱ्याचा वाचवायचाही. पण ही वाट सगळ्यांत निसरडी. कारण पहिल्याच वाक्यात तुम्ही कबूल करून बसता की मारलं मीच. मग धोका खरा होता का, त्याच क्षणी होता का, दुसरा काही इलाज होता का, आणि गरजेपुरतंच मारलं की हात धुवून घेतले, हे सगळं आपल्याला दाखवावं लागतं. तो गळा सोडून निघाला असेल आणि मग तुम्ही मारलं असेल, तर त्याला बचाव म्हणत नाहीत. त्याला सूड म्हणतात."

"तो निघाला नव्हता."

"तो म्हणतोय, निघाला होता."

भाऊ उठून उभाच राहिला. "अक्के, आपलेच दात नि आपलेच ओठ! उद्या त्याने बायकोचा गळा धरला असं भर कोर्टात सांगितलंस, तर ती गोष्ट जन्मभर त्याला चिकटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काय उगाच? भाचा आहे तो माझा."

"आणि ती कोण आहे?" अक्काने विचारलं.

भाऊ चपला घालून जिना उतरून गेला आणि त्यानंतर खटला संपेपर्यंत त्याने बहिणीच्या घरचा उंबरा ओलांडला नाही.

"वकीलबाई," अक्का म्हणाली, "ती निसरडी वाटच धरा. पडायचं तर तिथे पडू."

*

सुनेच्या साक्षीशिवाय खटल्यात राम नव्हता. वकीलबाईने समन्स पाठवायचं म्हटलं, पण त्याआधी अक्का सुनेचे कपडे बोचक्यात बांधून तिच्या माहेरी गेली. सुनेच्या भावाने दारातच अडवलं.

"आमची बहीण कोर्टाची पायरी चढणार नाही," तो म्हणाला. "झाली तेवढी शोभा पुरे."

"मी कपडे द्यायला आल्येय, बाबा. तेवढं तरी आत जाऊ दे."

सून बाहेर आली. गळ्याभोवती तिने ओढणी घट्ट गुंडाळली होती. आवाज अजून घोगराच होता.

"आई, मी नाही आले तर तुम्हाला शिक्षा होईल?"

"होईल कदाचित."

"मग मी यायला हवं."

"माझ्या उपकाराची फेड म्हणून येणार असशील तर घरी बस," अक्का म्हणाली. "मी तुझ्यावर उपकार नाही केले. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तरी तेच केलं असतं. तुझ्यावर काय गुदरलं ते तुला सांगायचं असेल, तर ये. नसेल सांगायचं, तर माझं मी बघते."

चहासुद्धा न घेता ती परतली. वाटेत तिला स्वतःचाच राग आला. चार गोड शब्द बोलायला काय जात होतं? पण गोड बोलून बोलावलेली माणसं ऐन वेळी पाय मागे घेतात, हे तिने नातेवाइकांत पुष्कळ पाहिलं होतं.

खटल्याच्या पहिल्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील वकीलबाईला बाजूला घेऊन काही बोलला. उंच, नीटनेटका, बोलायला मऊ माणूस. वकीलबाई परत आली आणि अक्काशेजारी बाकावर टेकली.

"ते म्हणतायत, किरकोळ मारहाणीचा गुन्हा कबूल करा. तुरुंग नाही. पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्यायचं आणि आजच्या आज घरी. हे तुम्हाला सांगणं माझं कामच आहे. आणि खरं सांगू? तुमच्या जागी असते तर मी विचार केला असता. हरलो तर तुरुंग आहे, अक्का. ह्या वयात."

"गुन्हा कबूल करायचा म्हणजे नेमकं काय कबूल करायचं?"

"की जे केलंत ते चुकीचं होतं."

"म्हणजे बरोबर काय झालं असतं? मी चादरीच्या घड्या घालत बसायला हवं होतं?" अक्काचा आवाज चढला तसा व्हरांड्यातला शिपाई वळून बघू लागला. "आणि पुन्हा करणार नाही असं लिहून द्यायचं! सांगा त्यांना, सही करायला माझा हात रिकामा नाही."

वकीलबाईने तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि सुजलेले पाय चपलांत कोंबले. "चला तर मग."

*

मुलगा साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा हात काळ्या पट्ट्यात अडकवलेला होता. लहानपणी ह्याच हाताने तो अक्काचा पदर धरून यंत्रांमधून फिरायचा. पण तिने मान खाली घातली नाही.

त्याने पढवल्यासारखं सगळं सांगितलं. बोलून निघालो, पाठ फिरवली, मागून मार बसला.

वकीलबाईने त्याला फारसं छेडलं नाही. एवढंच विचारलं, "पाठ वळवून दाराकडे चालला होतात. मग हात कुठे होता?"

"हात? खालीच. चालताना असतो तसा."

"नक्की?"

"नक्की."

"बसा."

अक्काला वाटलं, झालं, बाईने हातचं सोडलं. पण त्यानंतर हाडांचे डॉक्टर आले. पांढऱ्या मिशांचे, घाईत असलेले. भाजल्याची खूण मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, बाहेरच्या अंगाला, आणि आतलं हाड मोडलेलं, असं त्यांनी सांगितलं.

"डॉक्टर, हात खाली लोंबत असताना मार बसला तर असं हाड मोडेल?" वकीलबाईने विचारलं.

"मोडणं कठीण. लोंबता हात मारासरशी बाजूला जातो, जोर निसटतो. ह्या हाताला निसटायला जागा नव्हती. पुढे कशावर तरी घट्ट रोवलेला असणार."

"कशावर?"

"ते हाड सांगत नाही, बाई."

कोर्टात हशा पिकला. सरकारी वकील लगेच उठला. "भिंतीवर टेकला असू शकेल?"

"असू शकेल."

तेव्हा गाडी पुन्हा होती तिथेच. हात कशावर होता हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. नाव पुकारलं गेलं, आणि दाराशी कुणीच दिसेना. शिपायाने पुन्हा पुकारा केला. अक्का समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मागे वळायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मग मागून चपलांचा आवाज आला, आणि सून एकटीच, भावांशिवाय, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभी राहिली. आज गळ्याला ओढणी नव्हती.

"त्यांचा हात माझ्या गळ्यावर होता," ती म्हणाली. "मला ओरडायचं होतं, पण आवाज बाहेर पडत नव्हता. मला वाटलं, संपलं. मग एकदम हवा आली."

"तुम्ही पोलिसांत गेला नाहीत, डॉक्टरकडेही नाही," सरकारी वकील मऊपणे म्हणाला. "आज एकाएकी आठवलं?"

"आठवायला विसरावं लागतं, साहेब. मी भ्यायले होते. अजूनही भीती वाटते."

"तुमचे पती गळा सोडून निघाले नव्हते?"

"निघाले असते तर मी पळाले असते. तिथेच कशाला राहिले असते?"

मुलगा जमिनीकडे बघत होता.

शेवटी अक्काची पाळी. वकीलबाईने तिला आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं: बोलायची सक्ती नाही, बोललात तर उलटतपासणी होईल, आणि काही झालं तरी तोरा दाखवू नका. अक्काने मान डोलावली होती आणि आज पिंजऱ्यात येऊन उभी राहिली होती.

"तुम्ही ओरडू शकत होतात," सरकारी वकील म्हणाला.

"ओरडले. ड्रायरपुढे कोण ऐकतो?"

"मुलाला मागे ओढू शकत होतात."

"ओढलं. शर्ट फाटला त्याचा. त्याने कोपराने ढकललं, मी टेबलावर आदळले. इस्त्री तिथेच होती."

"म्हणजे रागाच्या भरात हाती लागलं ते मारलंत."

"राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण रागाने मारलं असतं तर डोक्यात मारलं असतं. डोकं जवळ होतं, साहेब. माझ्या हाताच्या टप्प्यात होतं. हातापर्यंत पोचायला मला वाकून पुढे जावं लागलं. जो हात गळ्यावर होता, त्यालाच मारलं. तो सुटला, मी थांबले."

न्यायाधीशबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि त्यांनी चष्म्यावरून अक्काकडे पाहिलं.

सरकारी वकिलाने हातातला कागद उलटला. मग म्हणाला, "तुम्ही आई आहात. मुलाचा हात कायमचा अधू झाला. तुम्हाला पश्चात्ताप होत नाही?"

"वाईट वाटतं. रोज वाटतं. पण तुम्ही विचारताय ते वेगळं आहे."

"मग उद्या पुन्हा तशी वेळ आली तर?"

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. नेमका हाच प्रश्न येईल आणि ह्याचं उत्तर गुळमुळीत द्या, असं तिने अक्काला पढवलं होतं.

"त्याने पुन्हा कुणाच्या गळ्यावर हात ठेवला," अक्का म्हणाली, "तर पुन्हा मारीन. त्याच्या जागी दुसरा कुणी असेल, तर त्यालाही."

*

निकालाला दोन आठवडे लागले. त्या दिवशी न्हावीसुद्धा दुकान बंद करून कोर्टात येऊन बसला होता.

न्यायाधीशबाईंनी लांबलचक वाचलं. बरंचसं अक्काच्या डोक्यावरून गेलं. तापलेली इस्त्री हे भयंकर हत्यार आहे, ह्यावर एक पानभर होतं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि साध्या शब्दांत सांगितलं. मुलाला आरोपीनेच मारलं, ह्यात शंका नाही. सुनेचा जीव त्या क्षणी धोक्यात होता, ह्यातही शंका नाही. आरोपीने आधी आवाज दिला, ओढून पाहिलं, आणि लागेल तेवढाच जोर, लागेल तिथेच वापरला. दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क कायदा देतो, आणि समोर पोटचा मुलगा आहे म्हणून तो कमी होत नाही. हा गुन्हा नाही.

"सुटलात," वकीलबाई तिच्या कानाशी म्हणाली.

"संशयाचा फायदा देऊन की काय?"

"नाही हो! सरळ. डोकं वर करून."

"मी कधी खाली केलं होतं?" अक्का म्हणाली, आणि वकीलबाईने हात धरून तिला बाकावर बसवलं.

बाहेर न्हावी पुढे होऊन म्हणाला, "अक्का, मी पहिल्यापासून म्हणत होतो, तुमची बाजू खरी!" अक्काने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तू केस काप," ती म्हणाली. "तेच तुला बरं जमतं."

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. दोन हॉटेलांनी कपडे देणं बंद केलं ते केलंच. भाऊ घरी येऊ लागला, पण आला की हवापाण्यावर बोलायचा. सुनेने इस्पितळाच्या शिवणखात्यात नोकरी धरली आणि तिथल्याच एका बाईबरोबर खोली घेतली. काडीमोडाचा अर्ज तिने स्वतः केला. सुट्टीच्या दिवशी ती लाँड्रीत येते आणि अक्काला नको म्हणू न देता इस्त्री हातात घेते.

मुलगा मित्राकडे राहायला गेला होता. त्याचा हात वळेना, बोटं मिटेनात, म्हणून त्याला व्यायामासाठी इस्पितळात जावं लागे. हे कळल्यावर अक्का तिथे जायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. व्यायामाच्या खोलीबाहेर बाक होता, त्याच्या एका टोकाला ती बसायची. तो यायचा, तिला बघायचा, तोंड फिरवून आत जायचा. बाहेर पडायचा तेव्हाही तसाच निघून जायचा. असं बरेच दिवस चाललं.

एकदा आत गर्दी होती. बाहेर थांबण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, आणि बाक एकच होता. तो उभाच राहिला. हातात रबरी चेंडू होता, तो दाबायचा प्रयत्न करत होता. बोटं अर्ध्यावर येऊन अडत होती.

"कशाला येतेस?" त्याने न बघता विचारलं.

"तुझा हात बघायला."

"तूच मोडलास."

"हो. मीच मोडला."

तो थोडा वेळ चेंडूशी झगडत राहिला. "माफी माग," तो म्हणाला. "एकदा माफी माग, मग मी बोलेन तुझ्याशी."

"नाही मागणार."

"मग मीही नाही बोलणार."

"नको बोलूस," अक्का म्हणाली आणि बाकावर थोडी सरकली. "बस तरी. उभ्याने पाय दुखतील."

तो हलला नाही. आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, ते त्याचं नव्हतं. मग तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून, आणि पुन्हा चेंडू दाबू लागला.